रीबेमधलं एक तप

वाद्यवृंदात टुबा मागच्या रांगेत, अगदी टोकाला बसतो. पितळेचा एवढा मोठा पसारा, पण त्याच्या वाट्याला येतात त्या खालच्या पट्टीतल्या लांब, जड जागा. इतरांनी वर धावावं, याने खाली धरून ठेवावं. रूद लांगगॉर नावाच्या डॅनिश संगीतकाराने १९४४-४५ साली आपली अकरावी सिंफनी लिहिली तेव्हा नेहमीच्या वाद्यवृंदाखेरीज आणखी चार टुबा मागितले, आणि ते मागे नव्हे, सगळ्यांच्या पुढे बसवायला सांगितले. ही सगळी मांडामांड सुमारे सहा मिनिटांच्या संगीतासाठी. सिंफनीचं नाव ‘इक्सिऑन’.

इक्सिऑन हा ग्रीक पुराणातला राजा. झ्यूसने त्याला देवांच्या पंगतीला बोलावलं आणि त्याने झ्यूसच्याच राणीवर डोळा ठेवला. शिक्षा म्हणून त्याला एका जळत्या चाकाला बांधलं, आणि ते चाक कधीच थांबत नाही. लांगगॉरने ही गोष्ट सांगितलेली नाही. त्याने फक्त ते चाक घेतलं. एक भरभक्कम, काहीशी वॉल्ट्झच्या वळणाची धून सुरू होते, फिरते आणि पुन्हा जिथल्या तिथे येते. पुन्हा तीच. पुन्हा तीच. पट्टी बदलते, जोर वाढतो, टुबा गर्जतात, पण धून कुठेही जात नाही.

मी ती पहिल्यांदा ऐकली रात्री उशिरा, घर झोपलेलं असताना, कानाला हेडफोन लावून. संपली तेव्हा काही वेळ नुसता बसून राहिलो. आपला कान ख्यालावर वाढलेला. मुखडा पुन्हा पुन्हा समेवर येतो हे आपल्याला नवीन नाही. पण प्रत्येक वेळी तो काहीतरी कमावून येतो, कारण मधल्या वेळात बढत झालेली असते. ‘इक्सिऑन’मध्ये मुखडा आहे, सम आहे, बढत नाही. आणि ही बढत संगीतकाराला साधली नाही म्हणून राहिलेली नाही, ती त्याने नाकारलेली आहे. युरोपची सिंफनी तर उभीच असते विकासावर. एक लहानसं बीज घ्यायचं, त्याची ओढाताण करायची, त्याला दुसऱ्या बीजाशी भिडवायचं आणि शेवटी प्रवास पूर्ण झाल्याचं समाधान द्यायचं. बेटहोवनपासून चालत आलेला हा रिवाज लांगगॉरला अवगत नव्हता असं कोण म्हणेल? त्याची पहिली सिंफनी तासभर चालते आणि त्या तासात हा रिवाज तो मनापासून पाळतो. मग आयुष्याच्या उतारावर, एका लहान गावात बसून, तोच माणूस असं का लिहितो?

या प्रश्नापायी मी त्याच्या शेवटच्या दहा-बारा वर्षांतल्या रचनांकडे पुन्हा पुन्हा जात राहिलो आहे.

रूद लांगगॉरचा जन्म २८ जुलै १८९३ रोजी कोपनहेगनमध्ये झाला. वडील सीगफ्रीड पियानोवादक, लिस्टचे विद्यार्थी. आईदेखील पियानोवादक. घरात संगीत आणि परमार्थ यांच्यामध्ये भिंत नव्हती. कला माणसाला देवाकडे नेते, आणि ती तसं करत नसेल तर तिचा उपयोग नाही, अशा वातावरणात हे एकुलतं एक मूल वाढलं. अकराव्या वर्षी त्याने कोपनहेगनच्या संगमरवरी चर्चमध्ये ऑर्गनवर उत्स्फूर्त वादन करून लोकांना थक्क केलं. आणि १० एप्रिल १९१३ रोजी, विशी गाठण्याआधी, त्याची पहिली सिंफनी ‘कड्यांवरची गोपगीतं’ खुद्द बर्लिन फिलहार्मोनिकने मॅक्स फीडलरच्या हाताखाली वाजवली. एकोणिसाव्या वर्षी यापेक्षा मोठं काय मिळायचं?

पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला वडील गेले आणि उन्हाळ्यात महायुद्ध पेटलं. जर्मनीचं दार बंद झालं. मायदेशात त्याला तसं दार कधी उघडलंच नाही. १९१६ ते १९१८ या काळात त्याने ‘गोलांचं संगीत’ ही रचना लिहिली. मोठा वाद्यवृंद, गायकवृंद, दुरून ऐकू येणारा दुसरा लहान वाद्यवृंद, आणि पियानोच्या तारांवर थेट हात फिरवून काढलेले सूर. यात कथा नाही, प्रवास नाही, आहेत ते नुसते स्वरांचे तरंगते ढग. तीही १९२१ मध्ये वाजली ती जर्मनीतल्या कार्ल्सरुहमध्ये. ‘अँटिक्रिस्ट’ हा त्याचा ऑपेरा कोपनहेगनच्या राजेशाही नाट्यगृहाने परत पाठवला. मग विशीच्या दशकाच्या मध्याला या माणसाने तोंड फिरवलं. नव्या संगीताकडे पाठ करून तो नील्स गाडेकडे, शूमानकडे, वाग्नरकडे, म्हणजे आजोबांच्या पिढीकडे निघाला. डेन्मार्कमध्ये तेव्हा संगीतकार कार्ल नील्सनचा शब्द चालत होता. भावनेचा उमाळा नको, संगीत ठाम, निरोगी, नेटकं हवं, असा काळाचा आग्रह होता. लांगगॉर १९१८ मध्ये फार पुढचा ठरला आणि १९३० मध्ये फार मागचा. ऑर्गनवादकाच्या एकेका जागेसाठी तो अर्ज करत राहिला आणि नकार घेत राहिला. १९२७ मध्ये कॉन्स्टान्स टेटन्स हिच्याशी त्याचं लग्न झालं. हातात कायमची नोकरी आली ती १९४० साली, रीबेच्या कॅथेड्रलमध्ये ऑर्गनवादकाची. तेव्हा तो सेहेचाळीस-सत्तेचाळीसचा होता. मृत्यूपर्यंतची बारा वर्षं त्याने तिथे काढली.

रीबे हे डेन्मार्कमधलं सर्वांत जुनं गाव. जटलंडच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, सपाट दलदलीच्या कुरणांमध्ये, उथळ समुद्राच्या जवळ. १६३४ च्या महापुराचं पाणी कुठपर्यंत चढलं होतं याच्या खुणा हे गाव अजून सांभाळून आहे. मधोमध कॅथेड्रल, त्याचा विटांचा चौकोनी बुरूज मैलोन् मैल दिसतो. राजधानीपासून हे सगळं फार दूर. राजधानीतल्या संगीतकारांना त्याला तिकडे धाडण्यात सोय वाटली असेल, असं मला वाटतं. तो तिकडे गेल्यावर कोपनहेगन निवांत झालं. आणि तो? त्याने सोळा सिंफनी लिहिल्या, त्यांतल्या नवव्यापासून सोळाव्यापर्यंतच्या आठ या १९४२ ते १९५१ या वर्षांत पुऱ्या झाल्या. म्हणजे अर्धा संसार या शेवटच्या टप्प्यात मांडला, तोही ऐकणारा समोर नसताना.

नववी सिंफनी, १९४२ची, गावालाच वाहिलेली आहे : ‘राणी डागमारच्या नगरीतून’. डागमार ही बोहेमियाची राजकन्या, राजा वाल्देमार दुसरा याची राणी. १२१२ मध्ये ती गेली. लोकगीत सांगतं की राणी रीबेत अखेरच्या घटका मोजत होती, राजा दूर होता, निरोप मिळताच तो शंभर स्वारांनिशी दौडत निघाला आणि पोहोचला तेव्हा सोबत कुणीच उरलं नव्हतं. हे गीत सगळ्या डेन्मार्कला पाठ आहे. कॅथेड्रलच्या घंटा आजही त्याची चाल वाजवतात आणि लांगगॉर ती रोज ऐकत असणार. पण त्याच्या सिंफनीत शोक शोधायला गेलं तर सापडतो तो उजेड. राणी रीबेकडे निघते, किल्ल्यावर नाच होतो, कॅथेड्रलची भव्य शांतता येते. देशावर तेव्हा जर्मन सैन्याचा ताबा होता. अशा वेळी शंभर वर्षांपूर्वीच्या भाषेत, शूमानच्या स्वच्छ प्रसन्न वळणाने कुणी लिहावं, हे समीक्षकांना पळपुटेपणाचं वाटू शकतं. मला वाटत नाही. ज्या जगात त्याला राहायचं होतं ते त्याने स्वतःच्या हाताने पुन्हा उभं केलं, आणि प्रत्येक खांब प्रामाणिकपणे उभारला. जुन्या शैलीची टवाळी नाही की तिच्याआड लपणं नाही. तो त्या शैलीत खरोखर राहतो.

दहावीत मात्र आभाळ बदलतं. ‘ती गडगडाटाची वास्तू’ असं तिचं नाव, आणि ती वास्तू म्हणजे स्वीडनच्या किनाऱ्यावरचं कुल्लेन, समुद्रात घुसलेलं उंच खडकाळ टोक. लहानपणी आईवडिलांबरोबर तो उन्हाळ्यात स्वीडनला जात असे. पहिल्या सिंफनीतले कडेही तिथलेच. पन्नाशी ओलांडलेला माणूस सपाट रीबेत बसून ते कडे आठवतो आहे, पण आठवणीत ते मऊ झालेले नाहीत. एकाच सलग भागात ही सिंफनी चालते, आणि मला ती त्याच्या उत्तरकाळातली सर्वांत सुघड रचना वाटते. विस्तार पेलायची ताकद त्याच्यात शिल्लक होती याचा याहून चांगला पुरावा नको. म्हणूनच तिच्या शेजारची, तिच्याच काळातली अकरावी पुन्हा नीट ऐकायला हवी. त्याला जमेना म्हणून ती तुटक झाली, हे म्हणणं टिकत नाही.

बाराव्या सिंफनीने मला सर्वांत जास्त छळलं आहे. ‘हेल्सिंगबोर्ग’, १९४६. हे सामुद्रधुनीपलीकडचं स्वीडिश शहर, कोपनहेगनहून कुल्लेनकडे जाताना वाटेवरचं. या सिंफनीला साधारण सात मिनिटं लागतात. पण तिच्या पोटात काय आहे? तासाभराची पहिली सिंफनी! ऐन तारुण्यात पाच भागांमध्ये, शंभरावर वादक घेऊन, पायथ्यापासून शिखरापर्यंत जो कडा चढला, तोच कडा आता सात मिनिटांत. तेव्हाचे रुंद श्वास उरलेले नाहीत, मधली विश्रांतीची ठिकाणं काढून टाकली आहेत, एकामागून एक सूचना येतात आणि वाद्यवृंद पुढे ढकलला जातो. आणि शेवटाकडे, जिथे संगीतकार वेगाची किंवा भावाची सूचना लिहितो, तिथे त्याने लिहून ठेवलं आहे की संगीतकाराचा स्फोट होतो.

हे वाचून हसणारे भेटतात. त्याच्या विक्षिप्तपणाचा दाखला म्हणून ही ओळ वर्षानुवर्षं सांगितली गेली. मला तिथे एक हिशेब दिसतो. १९१३ च्या बर्लिनमध्ये जे त्याने म्हटलं होतं त्याला उत्तर आलं नव्हतं. तेहेतीस वर्षांनी तो तेच पुन्हा म्हणतो आहे, पण ऐकणाऱ्याजवळ वेळ नाही हे आता त्याला कळलं आहे. तासाचं सात मिनिटांवर आणलं की जो दाब तयार होतो तोच या संगीताचा विषय आहे. स्फोट ही तक्रार नसून रचनेचा नैसर्गिक शेवट आहे. नोटेशन बाजूला ठेवून, ती सूचना माहीत नसताना ऐकलं तरी तो स्फोट कानाला कळतो.

इथे ‘गोलांचं संगीत’ आठवतं. त्याच्या चाहत्यांचाही एक लाडका विभाग असतो : तरुणपणीचा द्रष्टा लांगगॉर आणि म्हातारपणीचा भरकटलेला लांगगॉर. पण ऐकत गेलं की हा विभाग पुसट होतो. १९१८ मध्येही त्याने विकास नाकारलाच होता. तेव्हा सूर आभाळात स्थिर होते, म्हणून ते आधुनिक वाटतात. १९४५ मध्ये सूर जुन्या वॉल्ट्झचा पोशाख घालून चाकावर स्थिर आहेत, म्हणून ते खुळे वाटतात. कपडे बदलले, माणूस तोच. काळ पुढे सरकत नाही, फक्त भोवती फिरतो, ही त्याची जाणीव दोन्हीकडे एकच आहे. तरुण असताना ती त्याला मोक्षासारखी वाटली, रीबेत शिक्षेसारखी.

या शिक्षेचं टोक १९४८ मधल्या एका लहानशा रचनेत आहे. ‘कार्ल नील्सन, आमचा महान संगीतकार’. गायकवृंद आणि वाद्यवृंदासाठी बत्तीस मात्राखंड, शब्द म्हणजे फक्त हे नावच, आणि सूचना अशी की हे अनंतकाळ वाजवत राहावं. नील्सनला जाऊन तेव्हा सतरा वर्षं झाली होती, पण डॅनिश संगीतावरची त्याची सावली कमी झाली नव्हती. नील्सन थोर होता, यात मला शंका नाही. त्याच्या चौथ्या आणि पाचव्या सिंफनीवर माझा जीव आहे. पण एका देशाने एकाच माणसाचं नाव इतक्या वेळा घेतलं की दुसऱ्याचं नाव घ्यायला श्वास उरला नाही, हेही खरं आहे, आणि लांगगॉरने ते नुसतं म्हणून नाही तर रचून दाखवलं. स्तुती अनंतकाळ चालू राहिली की ती स्तुती उरत नाही. त्याच वर्षी त्याने आणखी एक लहान रचना केली, ‘रेस अब्सुर्दा!?’, तिच्यात गायक याच लॅटिन शब्दांचा, म्हणजे ‘विसंगत गोष्ट’ असा, घोष करतात. या दोन्ही रचना रागाच्या आहेत. पण राग अंगावर येत नाही, मनात घर करतो.

एवढं सगळं जळजळीत लिहिणाऱ्या माणसाने त्याच सुमाराला चौदावी सिंफनी लिहिली यावर विश्वास बसत नाही. ‘सकाळ’, १९४७-४८ मधली, गायकवृंद आणि वाद्यवृंदासाठी सात भागांची मालिका. भागांची नावं वाचली तरी एका शहराची सकाळ उभी राहते. सुरुवातीला तुतारीसारखा उद्घोष. मग ‘कुणाचं लक्ष न गेलेले पहाटतारे’. मग संगमरवरी चर्चच्या घंटा. मग दमलेली माणसं जगण्यासाठी उठतात. मग रेडिओवरचा कारुसो आणि सक्तीचा उत्साह. मग बाप मंडळी कचेरीकडे धावतात. आणि अखेर ऊन आणि बीच वृक्षांचं रान.

संगमरवरी चर्च म्हणजे तेच, जिथे अकरा वर्षांचा मुलगा ऑर्गनवर बसला होता. त्या घंटा या माणसाने रीबेहून ऐकल्या. पण मला थांबवतो तो दुसरा भाग, पहाटताऱ्यांचा. इथे फक्त तंतुवाद्यं आहेत. गाणं अतिशय सावकाश उलगडतं, एका वाद्यसमूहाने सोडलेला सूर दुसरा अलगद उचलतो. तक्रार नाही. लक्ष कुणाचं नाही, तरी तारे आहेत, आणि ते तारे असण्यात काही कमी नाही. यात काही नवं नाही, महलरच्या ओळखीच्या मुलखातलं हे संगीत आहे असं कुणी म्हणेल. म्हणू दे. इतका निर्मळ, इतका निर्हेतुक गोडवा त्या शतकाच्या मध्याला युरोपात फार थोड्यांनी लिहिला. आणि यानंतर लगेच दमलेली माणसं उठतात, रेडिओ लागतो, कचेरीची घाई सुरू होते. लांगगॉरला रोजच्या जगण्याचं भान नव्हतं, तो सतत प्रलय आणि अँटिक्रिस्ट यांतच होता, अशी जी समजूत आहे ती या सात भागांनी मोडते. सकाळी उठणं किती जड असतं हे त्याला माहीत होतं. नोकरी करणाऱ्या प्रत्येकाला ते माहीत असतं.

तेरावी आणि पंधरावी यांच्याबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं कमी आहे. पंधराव्या, ‘समुद्रवादळ’मध्ये थ्योगर लार्सनची कविता पुरुषांचा गायकवृंद आणि बॅरिटोन गातात, आणि काही क्षण अंगावर काटा आणणारे आहेत, पण सगळी रचना मला एकत्र धरता आली नाही.

शेवटची सोळावी, १९५०-५१ मधली. नाव ‘सूर्याचा महापूर’. ज्या गावाने पाण्याच्या पुराच्या खुणा जपून ठेवल्या त्या गावात बसून त्याने उजेडाच्या पुराचं नाव सिंफनीला दिलं. सुरुवातच अशी भरून वाहते, रिचर्ड श्ट्राउसच्या ऐन बहरातल्या संगीतासारखी, की हा माणूस आजारी होता, उपेक्षित होता, हे सगळं काही वेळ मनातून जातं. मग सावल्या येतात आणि लख्ख उजेडातही काहीतरी सक्तीचं, जबरदस्तीने हसवल्यासारखं जाणवू लागतं. तो उजेड त्याला मिळाला की त्याने तो ओढून आणला? मला वाटतं, दोन्ही. आणि म्हणूनच ती खरी वाटते. १० जुलै १९५२ रोजी, वयाची एकोणसाठ वर्षं पुरी व्हायला काही दिवस उरले असताना, तो रीबेतच गेला.

चारशेहून अधिक रचना मागे राहिल्या, बऱ्याचशा कधीच न वाजलेल्या. त्या टिकल्या त्या कॉन्स्टान्समुळे. १९६९ पर्यंत ती जगली आणि नवऱ्याचे कागद तिने नीट जपले. ते आज कोपनहेगनच्या राजेशाही ग्रंथालयात आहेत. साठीच्या दशकाच्या अखेरीस संगीतकार पेर नॉरगॉर याने परीक्षकांपुढच्या नव्या स्कोअरच्या ढिगात ‘गोलांचं संगीत’ गुपचूप सरकवलं. परीक्षकांमध्ये ग्यॉर्गी लिगेटी होता. तेव्हाच्या युरोपात सर्वांत नव्या वाटेवर चालणारा हा संगीतकार ते वाचून म्हणाला की आपण लांगगॉरचे अनुयायी आहोत हे आपल्याला ठाऊकच नव्हतं. पुढे बेंट व्हीनहोल्ट नील्सन या अभ्यासकाने एकेका कागदाची नोंद करून १९९१ मध्ये सगळ्या रचनांची सूची छापली. टोमास डाउसगॉर याने डेन्मार्कच्या राष्ट्रीय रेडिओ वाद्यवृंदाकडून सोळाही सिंफनी ध्वनिमुद्रित केल्या. २०२२ मध्ये बर्लिन फिलहार्मोनिकने, साकारी ओरामोच्या हाताखाली, पहिली सिंफनी पुन्हा वाजवली. रीबेत त्याच्या नावाचा संगीत महोत्सव होतो.

या सगळ्याचा मला मनापासून आनंद आहे. तरीही या पुनर्जन्मात झुकतं माप तरुण लांगगॉरलाच मिळतं, ‘गोलांचं संगीत’, पहिली, चौथी आणि सहावी यांनाच. रीबेमधल्या सिंफनी जीवनचरित्राला जोडलेल्या पुरवणीसारख्या ऐकल्या जातात : बिचारा, शेवटी असा झाला. त्या तशा ऐकू नयेत एवढंच मला म्हणायचं आहे. तिथे एका संगीतकाराने, आपल्याला कुणी ऐकत नाही या एकाच वस्तुस्थितीतून आठ वेगवेगळे आकार घडवले. त्यांतला एखादा फसला असेल. चार तरी विसाव्या शतकातल्या सिंफनीच्या इतिहासात हक्काने बसतात : दहावी, अकरावी, बारावी आणि चौदावी.

डाउसगॉरची ध्वनिमुद्रणं सहज मिळतात. सुरुवात चौदाव्या सिंफनीच्या दुसऱ्या भागापासून करा, त्या न पाहिलेल्या पहाटताऱ्यांपासून. मग दहावी ऐका, सलग, मधे न उठता. अकरावी आणि बारावी सर्वांत शेवटी, एका बैठकीत. दोन्ही मिळून पंधरा मिनिटंसुद्धा लागत नाहीत. नावं आणि गोष्टी आधी वाचू नका, आणि हसू आलं तर लगेच पुन्हा एकदा ऐका.